सोयरिकीच्या बैठकीत चीन

फौजेतला भाचा लडाखहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्यासाठी जळगाव जामोदची मुलगी पाहायचं ठरलं. सुट्टी संपायच्या आत जमलं तर जमलं, नाहीतर गेलं वर्षावर. आणि वर्षभर चांगली पोरगी कोण थांबवून ठेवतं? आमच्या हिवरा आश्रम गावाहून गाडी निघाली तेव्हाच बहिणीनं मला दम भरला.

"दादा, तिथं चीन काढशीन तर पाह्य."

चीनवर मी अधिकारानं बोलतो. म्हणजे जेवताना मोबाईलवर तज्ज्ञ ऐकतो.

पण खरं सांगतो, चीन मी काढलाच नाही. मुलीच्या बापानं काढला. मिरची-वांग्याच्या शेतीत मुरलेला माणूस, मुलगी येऊन, दोन शब्द बोलून आत गेल्यावर त्यानं भाच्याला विचारलं, "तिकडं सध्या कसं हाय?"

भाच्यानं तोंड उघडायच्या आत मी उघडलं.

"हे पाहा," म्हणत आमच्या तिघांच्याही पोह्यांच्या बश्या मी पुढं ओढल्या. तो आपला देश. चिवड्याचं ताट चीन. मधला लोड हिमालय. "त्यांनी रस्ता बांधला की आपण बांधतो. आपण बांधला की त्यांना वाटतं, हे चढाई करणार. मग ते आणखी एक बांधतात. दोघंही म्हणतात, आमचा रस्ता बचावासाठी. एक दिवस भडकणारच!" असं म्हणून मी चिवडा लोडावरून अलीकडं आणला.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "चीन खाली ठेवा."

बैठक गार पडली. मुलीची आई चहा घेऊन आली, तिनं बश्यांकडं पाहिलं आणि तशाच भरलेल्या उचलून नेल्या.

परतताना बहीण म्हणाली, "लढाईच्या तोंडी पोरगी कोण देईन? भेवडून टाकलं तू त्याईले."

मग दोन्हीकडं शांतता. तिकडून फोन नाही. इकडून करायचा नाही, कारण बहिणीचं म्हणणं, "भेले ते, अन् आपून काऊन हात जोडाचे?" सुट्टी सरत चालली. भाचा बॅग भरायला काढायचा आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवायचा. शेवटी तोच म्हणाला, "मामा, तिथं आमचे अन् त्यायचे अफसर समोरासमोर बसतात. भांडतात, पण बसतात. तुम्ही एक फोन त लावा."

लावला. पलीकडून मुलीचा बाप थंडपणे म्हणाला, "पाहुणे, नापसंत होती त सांगून द्याचं होतं. तुमच्यातल्या एकानंही बशीले हात नाही लावला."

आमच्याकडं पोरगी नापसंत असली की पाहुणे बशीला हात लावत नाहीत. हे मला कळत नाही असं नाही. अशा दोन बश्या मी स्वतः नाकारल्या आहेत. पण देश एकदा मांडल्यावर तो खाणार कसा?

"अहो, तो देश होता!"

"कोनता?"

"बश्या. पोह्याच्या."

मग ते हसले. "अन् आमी म्हनलो, पोराले नाही आवडली."

"अन् आम्ही म्हटलं, तुम्ही लढाईले भेले."

"भेलोच न बाप्पा. पोरीले इचारलं. पोरगी म्हने, पोरगा बरा हाय, मामाच बोलते."

साखरपुडा घाईतच उरकला. मला आचाऱ्याजवळ नेमलं होतं. बैठकीपासून चांगलं लांब, दोन्ही बाजूंच्या संमतीनं. मुलीचा बाप मंडपातून उठून तिथं आला. वरणाची चव पाहिली, पळी खाली ठेवली.

"पाहुणे, खरं सांगा. होईन का काही तिकडं?"

माझ्या तोंडाशी तीन तज्ज्ञांची तीन उत्तरं आली होती. पलीकडं मंडपात त्यांची मुलगी पाटावर बसत होती.

"मले नाही मालूम," मी म्हणालो.

त्यांनी पळी उचलून वरण एकदा ढवळलं. मग कोणीतरी हाक मारली, आणि ते गेले.