कानात सांगितलेलं नाव

निझव्याहून आणलेल्या लोबानाचा शेवटचा खडा आज जाळला आणि मस्कतच्या घरातली ती दुपार पुन्हा नाकात भरली.

चीनमधून दत्तक घेतलेली आमची मुलगी घरी येऊन महिना झाला होता. तीन वर्षांची घोडी, तरी बारसं व्हायलाच हवं, हा माझ्या नणंदेचा हट्ट. त्यासाठी वन्सं मस्कतजवळच्या बरक्याहून आल्या होत्या. शेजारच्या हमीदाभाभींनी लोबान पेटवला. पाळण्यात मावेना म्हणून मुलीला वन्संच्या मांडीवर बसवलं. नवा फ्रॉक टोचत असणार, पण ती गप्प. महिनाभरात तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

वन्संनी तिच्या कानात "सुजाता" म्हटलं. आम्ही बायकांनी "कुर्रर्र" करत वन्संच्या पाठीत धपाटे घातले. तेवढ्यात मुलीने त्यांची मान खाली ओढली आणि तीही त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजली.

"काय म्हणाली हो, वन्सं?"

"आपलं नाव सांगितलंन वाटतं. कागदावरचं नाही, दुसरंच काहीतरी. राहू दे, आता सुजाताच!"

वन्सं जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा फोनवर सुजाताने अडखळत विचारलं, "आई, तिथे चीनमध्ये मला काय म्हणायचे?"

मी कागदावरचं नाव सांगितलं.

"ते ऑफिशियल. लाडाचं?"

ते तिने एकदाच, एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि आम्ही सगळ्या तेव्हा "कुर्रर्र" करत धपाटे घालत होतो.