रेला आणि गडचिरोलीची बस

बायकोला कंपवात झाला, पण थरथरीपेक्षा आम्हाला छळलं ते तिच्या पायांनी. चालता चालता ते जागीच थिजायचे, कुठेही. चारचौघांत तसं दोनदा झालं आणि तिने बाहेर पडणंच सोडलं. गडचिरोलीला तिची एकुलती एक बहीण असते, अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षं दोघींची भेट नव्हती. मी गाडी करून नेतो म्हटलं, तर म्हणाली, "पोत्यावानी उचलून उतरवता का मले? माह्या पायानं जाईन, नाई तं नाई."

डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला नाचाचा वर्ग सांगितला. मला हसूच आलं. आमच्या चंद्रपूरला, ऊर्जानगरच्या सभागृहात संध्याकाळी तो भरायचा. शिकवणारी हेमलकशाकडची माडिया आदिवासी मुलगी, दवाखान्यात व्यायाम करून घेणारी. मी गेलो तो बायकोची पिशवी धरायला.

"भाऊ, पिशवी खुर्चीवर ठेवा अन् तुमी बी या," ती म्हणाली.

तीस वर्षं वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस मी. तिथे काही अडलं की फोनवर ओरडायचं, एवढंच मला ठाऊक. मी बायकोचा हात धरून ओढू लागलो आणि हुकूम सोडू लागलो. "उजवा उचल! टाच टेक! आता डावा!" तिचे पाय फरशीला जास्तच चिकटले.

"काऊन खेकसून राह्यले? पाय हाय माहा, मशीन नोहे!" ती भडकली. सगळा वर्ग हसला. मला भयंकर राग आला, कारण बायको बरोबर बोलत होती.

मग त्या मुलीने मला समजावलं. "आमच्याकडं रेला नाचताना कोणी कोणाले ओढत नाई. हातात हात गुंफायचा, बाजूले सरकायचं अन् सगळ्यायनं गाणं म्हणायचं. गाण्यासंगं पाय उचलते."

आणि खरंच उचलला. "रेला रे रेला" म्हणत बायको गोलात सरकू लागली. मी मात्र सगळे उजवीकडे निघाले की डावीकडे निघायचो आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकेवर आदळायचो. आजार काही गेला नाही. पण तिला झोप लागू लागली, ती शेजारणींशी बोलू लागली, मुख्य म्हणजे मला हसू लागली. माझाही रक्तदाब उतरला. डॉक्टर म्हणाले, नाचामुळे. बायको म्हणाली, तासभर हुकूम बंद असतात म्हणून.

एका सकाळी तिने स्वतःहून साडी काढली. बहिणीकडे जायचं, तेही एसटीने.

चंद्रपूरच्या स्टँडवर बसच्या पायरीपाशी तिचे पाय थिजले. मागे रांग. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढा लवकर." हुकूम माझ्या अगदी ओठांवर आला होता, तो गिळला. तिच्या हातात हात गुंफला, तिच्याबरोबर या पायावरून त्या पायावर डोललो आणि भर स्टँडवर, बेसूर, मोठ्यांदा रेला सुरू केला. लाजेने माझे कान तापले. एक माणूस मोबाइल काढू लागला. बायकोने माझ्या आवाजात आवाज मिसळला, पाय उचलला, दांडा धरला आणि चढली.

मी खालीच उभा. डोळे भरून आले होते, काही दिसेना.

खिडकीतून तिचा आवाज आला, "चढा ना जी! का आता तुमच्यासाठी मी म्हणू गाणं?"