एक उत्तर जास्तीचं

मोहतुरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठात, आमच्या संगणकशास्त्र विभागाच्या लॅबमध्ये होते. फोन शोभाकाकूंचा, त्यांच्या पत्नीचा. त्या रडत नव्हत्या. सर पहाटे झोपेतच गेले, एवढंच त्यांनी सांगितलं... आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बरं झालं, मी त्यांना सांगितलं होतं. दुःख नंतर आलं, अजून येतं. पण ती सुटकेची भावनाही अजून तशीच आहे, आणि सरांविषयी लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

सर मूळचे आंधळगावचे. सगळी नोकरी विद्यापीठात झाली, निवृत्तीनंतर गावी परतले. मी भंडाऱ्याची. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलायची, पण चार लोकांसमोर बोलायची वेळ आली की मराठी काय आणि इंग्रजी काय, दोन्ही गळ्यातच अडकायच्या. पीएचडीसाठी सर मार्गदर्शक म्हणून मिळाले तेव्हा मी त्यांना माझं काम स्लाइड दाखवून समजावत होते. त्यांनी उठून प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाले, आता मराठीत सांगा, एकही चिन्ह न वापरता. पहिलं वाक्य जुळवायला मला फार वेळ लागला. ते थांबू शकत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

ती त्यांची पद्धत होती. कुठलीही सिद्धता आधी तोंडी सांगायची, साध्या वाक्यांत. ऐकणाऱ्यानं मध्ये फक्त एकच शब्द बोलायचा, "मंग?" विभागात ते सगळ्यांशी इंग्रजीतून, नाहीतर अहोजाहो करत प्रमाण मराठीतून बोलत. पण हा एक शब्द मात्र आंधळगावचाच राहिला होता. चुकलं आहे असं ते कधी म्हणत नसत. "मंग?" म्हणत राहायचे, आणि ज्या वाक्यानंतर आपल्याला पुढचं वाक्य सुचत नाही तिथे आपली चूक आपल्यालाच दिसायची. मी घरी एकटीनं सराव करायचे, प्रश्नही माझा आणि उत्तरही माझंच. आई दाराशी येऊन विचारायची, "कोणाशी बोलून राहिली वो?" फोनवर आहे, असं मी सांगायचे. ते तिला जास्त काळजीचं वाटायचं.

सरांचं नाव ज्या कामामुळे झालं ते थोडक्यात सांगते. प्रोग्राम लिहिण्याची एक रीत अशी आहे, की यंत्राला काही तथ्यं आणि नियम सांगायचे, मग प्रश्न विचारायचा. उत्तरं ते यंत्र शोधतं. कोणत्या तळ्याचं पाणी कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, मिळतं हे सांगून ठेवलं, तर अमक्या बांधीत पाणी कुठून कुठून येऊ शकतं ते यंत्र काढून देईल. हे सरांचं नेहमीचं उदाहरण. दुसऱ्या रीतीत सगळं फलनांनी लिहायचं, एक मूल्य आत जातं, दुसरं बाहेर येतं. पहिल्या रीतीचा प्रोग्राम दुसऱ्या रीतीत बदलण्याची एक पद्धत सरांनी शोधली होती. त्यांच्या प्रमेयाचे दोन भाग होते. उत्तरं तीच येतील, हा पहिला. आणि मूळ प्रोग्राम सगळी उत्तरं देऊन थांबत असेल तर बदललेलाही थांबेल, हा दुसरा. माझा प्रबंध त्यावरच उभा होता, आणि माझ्या आधीच्या काहींचेही.

ते गेले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सरांचं हृदय फार थकलं. प्रवास बंद झाला. मी दर शनिवारी भंडाऱ्याहून मोहाडीमार्गे आंधळगावला जायला लागले. काकूंनी बजावून ठेवलं होतं, की त्यांना ताण होईल असं काही बोलायचं नाही. जेवण अगदी कमी झालं होतं. ताटातला भात चिवडायचे आणि ताट सरकवायचे.

त्याच दिवसांत एका दुपारी मी घरी प्रमेयाच्या दुसऱ्या भागाची सिद्धता मोठ्यानं म्हणत होते. शेवटचं उत्तर आलं, असं म्हणाले. सवयीनं स्वतःलाच विचारलं, मंग? मग यंत्र थांबतं. का थांबतं? मला पुढचं वाक्य सुचलं नाही. जुन्या चाचण्या काढून पाहिल्या. आम्ही वापरत होतो त्या भाषेत यंत्र मागितलं तेवढंच काम करतं. तीन उत्तरं मागितली की तीन काढतं, चौथ्याकडे वळूनही बघत नाही. आणि आम्ही सगळेच, सरांपासून माझ्यापर्यंत, तीन उत्तरं अपेक्षित असली की तीनच मागत होतो. तीन आली की चाचणी पास. चौथं मागून बघावं, म्हणजे यंत्र "आता नाही" म्हणून थांबतं का ते कळेल, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी एक लहानसा प्रोग्राम रचला. मूळ प्रोग्राम तीन उत्तरं देऊन निमूट थांबला. बदललेल्याला चौथं मागितलं... आणि तो शोधतच राहिला.

माझा प्रबंध एक अट घालून सावरता येत होता. प्रश्न सरांचा होता. विभागातल्या एका सीनियरला मी विचारलं. तो म्हणाला, "कायले सांगते? सुखानं जाऊ दे ना बुढ्याले. नंतर सुधारून टाकू." त्यात दुष्टपणा नव्हता. मलाही क्षणभर ते पटलं. पण सर दर शनिवारी विचारायचे, नवीन काय. आणि मी त्यांच्यासमोर बसून काही नाही म्हणणार होते, त्यांना उरलेला प्रत्येक शनिवार.

पुढच्या वेळी गेले तेव्हा ते घरापुढच्या छपरीत खाटेवर टेकून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "चेहरा काहून असा केला, बेटा?"

मी सांगितलं. दुसरा भाग चुकला आहे, असं एका दमात. त्यांनी नुसती मान हलवली, सांग अशा अर्थानं. मी तो लहानसा प्रोग्राम तोंडी सांगत गेले. प्रत्येक वाक्यानंतर ते म्हणत, "मंग?" आवाज अगदी बारीक झाला होता. तिसऱ्या उत्तरानंतरही ते म्हणाले, "मंग?"

"मग काही नाही, सर. ते थांबतच नाही."

त्यांनी डोळे मिटले. आतून काकू पाणी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या, कारण सर हसत होते. खांदे हलत होते, आवाज नव्हता.

"काय झालं जी?" काकूंनी विचारलं.

"माहं चुकलं म्हणते हे पोरगी."

"मंग हासता काहून?"

त्यावर ते जे बोलले ते काकूंशी की माझ्याशी, कोण जाणे. म्हणाले, "त्या वाक्यावर आलो का मी दरवेळी घाई करत होतो. सेमिनार असो का वर्ग असो. काहीतरी टोचे, पण सापडे नाही." पाण्यासाठी हात पुढे केला. "मी गेल्यावर कोणी काढली असती चूक, तं उत्तर कोण देणार होतं? आता मी आहो."

काकू माझ्यावर रागावल्या होत्या, ते मला दिसत होतं. पण त्या दुपारी सरांनी भात मागून घेतला, लाखोरीच्या डाळीसोबत, आणि ताट सरकवलं नाही. काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांनी माझ्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

दुरुस्तीचा मजकूर आम्ही त्याच दिवशी लिहून, प्रमेय जिथे छापून आलं होतं त्या नियतकालिकाला पाठवला. पहिलंच वाक्य मूळ दावा चुकीचा होता हे असावं, असा सरांचा आग्रह होता. मी ते जरा मऊ केलं होतं. त्यांनी ते पुन्हा कडक केलं. अट घातल्यावर प्रमेय लहान झालं. खूपच लहान झालं हो सर, असं मी म्हणाले, तर म्हणाले, "लहान आहे, पण आता झोप लागते."

त्यानंतर जेवढे शनिवार मिळाले ते हलके गेले. सर लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक जुनी चाचणी काढायचे, तिच्यात एक जास्तीचं उत्तर मागायचे आणि अट पाळणारा प्रोग्राम थांबतो का ते बघायचे. थांबला की काकूंना हाक मारून दाखवायचे. काकूंना त्यातलं काही कळत नसे, पण हाक आली की यायच्या. दुरुस्ती स्वीकारल्याचं पत्र मात्र सर गेल्यावर आलं. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. ते पत्राची वाट बघत नव्हते.

तेरवी झाल्यावर मी आंधळगावला गेले. खिडकीबाहेर धान निसवलं होतं, लोंब्या दिसत होत्या. सरांची खोली काकूंनी झाडून ठेवली होती, लॅपटॉप चार्जिंगला लावलेला. काही चाचण्या त्यांच्या राहून गेल्या होत्या. मी त्यांच्या खुर्चीत बसून एकेक लावत गेले. प्रत्येक वेळी जास्तीचं उत्तर मागितलं, आणि प्रत्येक वेळी यंत्रानं आता काही उरलं नाही म्हणून सांगितलं. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हाक न मारताच आल्या होत्या.

"राहिले का अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. हा शेवटचा होता. थांबला."

त्यांनी जवळ येऊन स्क्रीन बघितली. मग म्हणाल्या, "चाल मंग, जेवून घे."