खरकट्या पाण्याचे बटाटे

टोपलीतल्या मोड आलेल्या बटाट्यांचा कुबट वास आला आणि दुष्काळाचं ते वर्ष आठवलं. तेव्हा असेच मोडाचे तुकडे मी गावच्या सोसायटीतून आणलेल्या खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरून लावले होते. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, म्हणून त्यांना भांडी धुतलेलं पाणी घालायची. एकादशीच्या आदल्या दिवसापासून आजारी सासूच्या पोटात काही नव्हतं. एकादशीला तिला तेच बटाटे उकडून दिले. तिनं विचारलं, "कोणत्या पाण्यावर आले गं?" "खरकट्या. दुसरं हाय कुठं?" "मग उपासाला चालत न्हाईत." तिनं ताटली सारली. मी म्हटलं, "खावा की, आत्याबाई. देव बघायला येत न्हाई." "मी बघायलीय की." बटाटे पोरांनी संपवले. पुढची एकादशी सासूला दिसली नाही. आता दारात नळ आहे. मोडाचे बटाटे मी अजून लावते, उपास मात्र धरत नाही.