पद्मजाने बोलावलेली सभा

पद्मजा वझलवार नोकरी कसली करते, असं इथे परदेशातल्या आमच्या मराठी मंडळात कोणी विचारलं की मी सांगायची, "सल्ले देते आणि त्याचा पगार घेते." आपल्या लोकांना याचं भारी नवल. आपल्याकडे सल्ले न मागता, येता-जाता मिळतात. पण बॉथेल गावाजवळच्या, दोनच वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या एका छोट्या कॉलेजात पद्मजा करायची ते वेगळं होतं. कुठला विषय आधी घ्यायचा, कुठला नंतर, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीत गेल्यावर वर्ष वाया जाणार नाही, हे ती मुलांशेजारी बसून ठरवायची. नागपूरहून एम. ए. होऊन आलेली, आवाज खणखणीत, आणि आपलं म्हणणं बरोबर आहे याबद्दल तिला सहसा शंका नसायची. मला याच गोष्टीसाठी तिचा राग यायचा आणि याच गोष्टीसाठी ती आवडायची.

अशा सल्लागारांचा आमच्या भागातला संघ १९८१ साली एका चर्चच्या तळघरात निघाला. खुर्च्या पद्मजाने मांडल्या, घटनेचा मसुदाही तिनेच टाइप केला. मराठी मंडळ दोनदा फुटताना जवळून पाहिलेल्या बाईला घटना लिहिणं काही जड नव्हतं. पुढे संघ वाढला, मोठ्या युनिव्हर्सिट्यांचे डीन आले आणि त्यांतले हॅस्किन्स नावाचे गृहस्थ अध्यक्ष झाले. त्यांनी ठराव आणला की दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या लोकांनी सभेला यावं, बसावं, ऐकावं, पण मत द्यायचं ते फक्त मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी. ऑक्टोबरच्या सभेत तो मताला टाकायचा होता. पास झाला असता तर पद्मजा स्वतः उभ्या केलेल्या संघात नुसती श्रोता उरली असती.

अडचण अशी, की छोट्या कॉलेजांतली माणसं सभासद होती, पण सभेला फिरकत नसत. ही मोठ्यांची जागा, आपलं काय काम, अशी त्यांची समजूत. पद्मजाने सगळ्यांना पत्रकं पाठवली. उत्तरं जेमतेम दोन-तीन आली. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन तणतणली, की या लोकांना स्वतःचं भलं कळत नाही. मी पोळ्या लाटत होते आणि मलाही एक जुना राग काढायचा होता. म्हटलं, "गेल्या वर्षी तू हळदीकुंकवाचं आमंत्रण पोस्टाने पाठवलंस. मंडळातल्या शोभाकाकू अजून तुझ्याशी धड बोलत नाहीत. असं बोलावतात का?"

तिने पर्समधून सभासदांची यादी काढली. पद्मजा भांडायची थांबली की समजायचं, आता आपल्याला काम लागणार. तिने रजा टाकली आणि ड्रायव्हिंगला मला धरलं. बाकी कशालाही न घाबरणाऱ्या या बाईला हायवेवर गाडी चालवायची मात्र भीती वाटायची.

आम्ही डोंगर ओलांडून पार पलीकडच्या कॉलेजांपर्यंत गेलो. सल्लागाराची खोली कुठे जिन्याखाली, कुठे लायब्ररीच्या मागे, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. पद्मजा बसायची, त्यांची पाणचट कॉफी प्यायची, मुलांची चौकशी करायची आणि उठताना सांगायची, की सभेला तुम्ही यायचंच, मी वाट बघणार. ठरावाचं दोन वाक्यांत. एवढ्यासाठी कोणी गाडी हाणत आपल्या दारात येतं, यावर त्या लोकांचा विश्वास बसेना. जिन्याखालच्या खोलीतल्या एक पिकल्या केसांच्या बाई आम्हाला पार्किंगपर्यंत सोडायला आल्या.

शेवटी पद्मजा म्हणाली, आता हॅस्किन्सकडे. मी वैतागले. त्याला कशाला बोलवायचं, सभा तर त्याचीच. ती म्हणाली, "आमंत्रणाला रुसणाऱ्याकडे आधी जायचं असतं. आपल्याला उशीरच झालाय."

हॅस्किन्सनी आम्हाला सभ्यपणे बसवलं. पद्मजाने आडपडदा न ठेवता सांगितलं, की छोट्या कॉलेजांतली सगळी माणसं येणार आहेत आणि तुमच्या ठरावाच्या विरुद्ध मत देणार आहेत. त्यांनी विचारलं, हे तुम्ही मला का सांगता? "यजमान तुम्ही आहात," ती म्हणाली. "पाहुणे किती येणार, हे यजमानाला माहीत हवं. जेवण कमी पडायला नको." हॅस्किन्सनी फोन उचलला आणि मोठा हॉल मागितला.

सभेच्या दिवशी तोही हॉल भरला. पिकल्या केसांच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हॅस्किन्स उभे राहिले, खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, की ठराव मांडला तेव्हा ही माणसं मी पाहिलेली नव्हती, तेव्हा तो मागे घेतो. टाळ्या वाजल्या. मी सुटकेचा श्वास सोडते तोच शेजारून पद्मजा उठली.

"मागे घेऊ नका," ती म्हणाली. "मागे घेतलेला ठराव पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या नावाने परत येतो. आम्ही मत द्यायला आलोय. मत घ्या."

हॅस्किन्सनी मान हलवली आणि ठराव वाचला. विरुद्ध कोण, म्हटल्यावर हातच हात वर गेले. पिकल्या केसांच्या बाईंचा गेला, आणि शेवटी खुद्द हॅस्किन्सचाही. माझे डोळे भरून आले. त्या भरात माझाही हात कधी वर गेला ते मला कळलं नाही.

पद्मजाने तो मनगटाला धरून खाली ओढला. "तू मेंबर नाहीस," ती कुजबुजली. "मोजणीत घोळ नको."

आयुष्यात अनेकांनी मला गप्प बसवलं. त्यात अभिमान वाटला तो त्या एकाच वेळी.