बियाण्याच्या दुकानावरचा विमानतळ

विमानात एकदाही न बसता तुम्ही कधी विमानतळ चालवला आहे का? आम्ही चालवला आहे, तोही हिंगोलीत.

शिवणाच्या डब्यात सुटी बटणं साठतात ना, तसे हे किस्से माझ्याकडे साठलेत. ठरवून कुणी ठेवत नाही. दोरा शोधायला डबा उघडावा आणि हाताला बटणंच लागावीत. परवा भाचीनं सहज विचारलं, "मावशी, तू नोकरी कुठं करत होतीस गं?" झालं, डबा उघडला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. तेव्हा नव्या नव्या विमान कंपन्या निघत होत्या. आमचे खिल्लारे सर मोठ्या शहरातल्या विमानतळावर बरीच वर्षं काम करून, आई आजारी पडली म्हणून गावी परत आले होते. बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी क्लास काढला. विषय होता विमान वाहतुकीचं व्यवस्थापन आणि तिचे नियम. वर्षाचा डिप्लोमा, परीक्षा बाहेरच्या संस्थेची. मी हायस्कूलपर्यंत शिकलेली. हजेरी, चहा आणि दाराची किल्ली माझ्याकडे. दोन खोल्यांच्या मधे नुसता पडदा होता, त्यामुळे सर शिकवायचे ते सगळं माझ्याही कानावर पडायचं. खालून औषधांचा वास यायचा. आजही विमानाचं चित्र पाहिलं की मला फवारणीची आठवण येते.

मुलं पंधरावीस होती, पण हे किस्से तिघांचेच. आखाडा बाळापूरहून रोज येणारा गजानन, हिंगोलीतलाच इरफान, आणि हट्ट्याची वर्षा. वर्षा इथं आत्याकडे राहायची. तिचे वडील बापूराव गावातलं मोठं प्रस्थ. शेतातून त्यांनी हात वर केला की हट्ट्याची बस थांबायची आणि ते बांधावरून येईपर्यंत थांबून राहायची. त्यांनी वर्षाला एक वर्ष दिलं होतं. पुढचं त्यांनी सरांना तोंडावर सांगितलं होतं: "विमानतळावर माझी पोरगी काय काम करनार, ते मला समजलं तर पाठवीन. न्हाई समजलं तर सोयरीक तयार हाय."

सरांनी त्यांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा बापूरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "म्हंजी लोकायला पानी देनार का?"

*

क्लासची पाटी रंगवायला जो पेंटर आणला, त्यानं आयुष्यभर टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवलेल्या. त्यानं विमान झकास काढलं. पंख, खिडक्या, शेपटी, सगळं. आणि शेपटीच्या खाली काळ्या अक्षरात नंबर टाकला, एमएच ३८.

सर म्हणाले, "अहो, हा नंबर कशाला?"

"काहून? बिनानंबरची गाडी पोलीस सोडन का?"

सरांनी त्याला शिडीवरून खाली बोलावलं, चहा दिला आणि नीट सांगितलं. प्रत्येक विमानाची सरकारदरबारी नोंदणी असते, आपल्या देशातल्या विमानांचा नंबर व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो, त्यात जिल्हा नसतो. पेंटरनं सगळं ऐकलं. कप खाली ठेवला.

"ते बराबर हाय. पर हे इमान तर हिंगोलीचंच हाय न?"

नंबर राहिला. पुढच्या प्रत्येक बॅचला नोंदणीचा धडा शिकवताना सर खिडकीतून पाटीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हा नियम सगळ्या विमानांना लागू आहे, एक सोडून."

*

पहिली खरी अडचण आली ती काउंटरच्या सरावात. टेबलामागे बसायचं, प्रवासी आला की हसून नमस्कार करायचा आणि विचारायचं, "आपण कुठे चाललात?" एवढंच.

गजानन बसला. नमस्कार केला. आणि गप्प.

"अरे, विचार ना."

"न्हाई जमनार सर."

"का?"

"निघालेल्या मानसाला कुठं चाललात म्हनून कसं इचारावं? काम व्हत न्हाई त्याचं."

सर डोक्याला हात लावून बसले. त्यांनी वर्गाकडे पाहिलं तर निम्म्या माना गजाननच्या बाजूनं हलत होत्या. वर्षानं तर साक्षच काढली. तिचे आबा, म्हणजे बापूरावच, कोर्टाच्या कामाला परभणीला निघाले होते. शेजाऱ्यानं ओट्यावरून "कुठं निघालात?" म्हणून विचारलं, आणि आबा तसेच मागं फिरले. पायातल्या चपला काढून घरात बसले. तारीख हुकली.

"मग तुमच्याकडे विचारतात तरी कसं?" सरांनी विचारलं.

"कुनीकडं दौरा, असं," गजानन म्हणाला.

सरांनी आठवडाभर झटून त्यांच्या तोंडी 'कुठे' बसवलं. परीक्षेच्या सरावात गजाननच्या तोंडून ते आलंही, पण त्यानं आधी डोळे मिटले आणि प्रवाशाची मनातल्या मनात माफी मागितली. ओठ हललेले मी पडद्याआडून पाहिले.

*

माझीही एक गोष्ट सांगते. विमानाला उशीर झाला तर प्रवाशाला कारण सांगायला हवं, हा सरांचा आवडता धडा. उशिरापेक्षा न सांगितलेल्या कारणानं माणूस जास्त चिडतो, असं ते म्हणायचे. मला ते फार पटलं.

त्या संध्याकाळी आमचे हे हात धुऊन पाटावर बसले. मी स्वयंपाकघरातून आवाज दिला, "कृपया लक्ष द्या. भाकरीला थोडा उशीर होत आहे. तांत्रिक कारणामुळे. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मग यांचा आवाज आला, "सिलिंडर संपलं व्हय?"

"व्हय."

उठले आणि शेजारून शेगडी मागून आणली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण उशीर होऊनही भांडण झालं नाही असं ते पहिलंच जेवण.

*

मोठ्या विमानतळावर गर्दी फार. म्हणून कोणत्या कंपनीचं विमान किती वाजता उतरणार, किती वाजता उडणार, ती वेळ आधी वाटून देतात. घेतलेली वेळ वापरली नाही तर ती काढून दुसऱ्याला देतात. सरांनी फळा भरून आकृत्या काढल्या. कुणाला काही कळेना.

शेवटी गजाननच म्हणाला, "सर, हे बसच्या खिडकीतून रुमाल टाकल्यावानी हाय का?"

सर थांबले. विचार केला. "तसंच आहे."

इरफाननं विचारलं, "और रुमाल टाकला, पर आदमी आयाच नहीं तो?"

"तो रुमाल उचलायचा. जागा दुसऱ्याची."

सगळ्या वर्गाला एका दमात समजलं. गजाननला जरा जास्तच समजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळापूरला बसमध्ये चढला, तर खिडकीशी एक रुमाल पडलेला, माणूस नाही. गजाननने वाट पाहिली. कंडक्टरनं घंटी दिली तसा रुमाल उचलला, घडी करून दांडीवर ठेवला आणि बसला. तेवढ्यात पानपट्टीवरून एक धोतरवाले गृहस्थ धावत येऊन चढले. "माझा रुमाल हाय तिथं."

गजाननने त्यांना सगळा नियम समजावून सांगितला. जगभर असाच आहे, हेही सांगितलं. गृहस्थ हिंगोलीपर्यंत दांडी धरून उभे राहिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते डस्टर न उचलताच बोलले. "गजानन, काल बसमध्ये तू नियम अगदी बरोबर लावलास."

गजानन खुलला. "तुमाला कसं कळलं सर?"

"ते माझे सासरे होते. कालपासून घरात मी उभा आहे."

*

सरांची सगळी नोकरी जमिनीवरच झालेली; त्यामुळे आमच्या सगळ्या गोतावळ्यात खरोखर विमानात बसणारी पहिली व्यक्ती म्हणजे इरफानची नानी. ती हजला निघाली. इरफाननं तिची बॅग नियमानं भरली. वजन दुकानाच्या काट्यावर केलं. सुरी काढली, काडेपेटी काढली, लोणच्याच्या बरणीला चारदा गुंडाळलं. नानी म्हणाली, "बेटा, मैं हज को जा रही हूँ कि जेल को?"

नानी परत आली तेव्हा सरांनी तिला वर्गात बोलावलं. स्वतःची खुर्ची दिली. मुलं वह्या उघडून बसली. वर्षानं पहिला प्रश्न विचारला, "नानी, विमान आतून कसं असतं?"

नानीनं पाणी प्यायलं. "बस ही है बेटी. बस, खिडकी नहीं खुलती." मग गजाननकडे वळून हळहळत म्हणाली, "रुमाल तो तू भूल ही जा."

*

आता शेवटचा.

परीक्षा झाली. वर्षा चांगल्या मार्कांनी पास झाली. सरांच्या जुन्या ओळखीतून हैदराबादच्या विमानतळावर काउंटरच्या नोकरीसाठी मुलाखतीचा निरोपही आला. दिवस जवळचाच होता, जायचं नांदेडवरून. इकडे बापूरावांनी दिलेलं वर्षही संपत आलं होतं, आणि पाहुणे बघायला येणार होते.

सर म्हणाले, "सांगून समजत नसेल तर दाखवू." त्यांनी एका मंगल कार्यालयाचा हॉल मागून घेतला, लग्नसराई नव्हती म्हणून मिळाला. तिथं आम्ही विमानतळ मांडला. जेवणाची टेबलं झाली काउंटर. खालच्या दुकानाचा वजनकाटा आणला. इरफाननं टॉर्चला चांदीचा कागद गुंडाळून झडतीचं यंत्र केलं. पुठ्ठ्याचे टॅग मी स्वतः कापले, त्यांवर मुंबई, हैदराबाद लिहिलं, भोक पाडून सुतळी ओवली. प्रवासी म्हणून मुलांच्या घरचे लोक बोलावले. मुंबईचं काउंटर गजाननकडे, हैदराबादचं वर्षाकडे. सूचना द्यायला मी.

नानी पहिली आली. "मेरा तो पहले का तजुर्बा है," म्हणत तिनं सगळ्यांना रांग लावायला शिकवलं.

बापूरावही आले. पांढरा फेटा, खांद्याला पिशवी. पण दारातच त्यांना चार ओळखीची माणसं भेटली आणि ते बोलत उभे राहिले. मी सूचना दिली, "हैदराबादचं काउंटर बंद होत आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात वर केला, आणि बोलत राहिले. मी दुसऱ्यांदा सांगितलं. परत हात वर. वर्षानं घड्याळ पाहिलं, तिची मान खाली गेली, आणि तिनं टेबलावर 'बंद' लिहिलेला पुठ्ठा उभा केला.

मग बापूराव सावकाश आले. पिशवी टेबलावर ठेवली.

वर्षा उठून उभी राहिली. नमस्कार केला. "आपण कुठे चाललात?"

गजाननने डोळे मिटले. परभणीची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक होती.

बापूरावांनी लेकीकडे पाहिलं. "हैदराबाद," ते म्हणाले.

"हैदराबादचं काउंटर बंद झालं. आता पुढच्या विमानानं जावं लागेल."

"अगं, मी हाय."

"व्हय आबा. तुमीच हाव."

"मंग थांबव की इमान."

"थांबत नसतं."

"कोनासाठीच न्हाई?"

"कोनासाठीच न्हाई."

"कलेक्टर आला तर?"

"त्यांनीबी येळेवर यावं."

बापूरावांनी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे पाहत होते. बापूराव परत वळले. "बंद झालं हे कोन ठरवतं?"

"या टेबलावर मी ठरवते."

"आन् मी तुजा बाप हाय, तरी?"

वर्षानं हातातला पेन खाली ठेवला नाही. "इमानात लोकं बसलेत आबा. त्यायचे बाप त्यायची वाट पाहून राहिलेत."

टेबलावर टॅगची जुडी पडली होती, तिच्याकडे बापूराव पाहत राहिले. मग पिशवी उचलली. फराळाला थांबा म्हणून मी मागं गेले, पण ते न वळता दाराबाहेर पडले आणि हट्ट्याच्या बसकडे निघाले.

वर्षानं मग मुंबईच्या काउंटरला बसून उरलेले प्रवासी मार्गी लावले. शेवटची बॅग काट्यावरून उतरली तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि पदराला धरून रडली. "ताई, गेलं माझं हैदराबाद." सर म्हणत होते की तिनं केलं ते बरोबरच केलं. ते तिलाही माहीत होतं, म्हणून तर ती जास्त रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेऊन गेले, तेव्हा खालचं बियाण्याचं दुकानही उघडलं नव्हतं. बापूराव माडीच्या पायरीवर बसले होते. शेजारी वर्षाची पत्र्याची पेटी होती, आणि पेटीच्या कडीला कालच्या जुडीतला, मी कापलेला हैदराबादचा टॅग दुहेरी गाठ मारून बांधलेला होता. कुठं निघालात, असं मी विचारलं नाही. वर्षा अजून यायची होती, आणि नांदेडच्या बसला भरपूर वेळ होता.