‘नो सिग्नल’ची दुपार

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ दिसलं की अजूनही माझं डोकं फिरतं. सगळ्यात जास्त राग मला माझाच येतो.

आम्ही वडशाचे. वडील तरुणपणी आमच्या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत नायक असायचे आणि त्यांचे मूल गावचे दोस्त खलनायक. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दोघांच्या एका प्रयोगाची जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली, ती मी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. समोरच्या खोलीत टीव्ही, कॉम्प्युटर, स्पीकर जोडून मी घरातच थेटर केलं होतं आणि त्याचा मला भलता तोरा होता. स्टेजवर आपण कसे दिसायचो हे दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. काचबिंदूने काकांची नजर झपाट्याने जात होती, म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम गाडीने आले. चारच्या गाडीने परत जायचं होतं.

टीव्ही लावला. नो सिग्नल.

इनपुट बदलून पाहिला. सगळं बंद करून आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर चालू केला. बाजारात जाऊन नवी केबल आणली. दुकानदार वर ज्ञान पाजळत होता की मदरबोर्डच बदला. त्याच केबलने सेट टॉप बॉक्स लावला तर चित्र लख्ख. म्हणजे खोट कॉम्प्युटरमध्येच. मी दात खाऊन पिन आणखी जोरात दाबली. बायकोने चहा आणला, तिच्यावर खेकसलो. वडील दोनदा म्हणाले, “अरे, काल पूजेत...” मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. यातलं तुम्हाला काय कळतं, असं काकांसमोर ओरडलो.

साडेतीनला काका उठले. मी त्यांना स्टेशनवर सोडून आलो. वडील त्याच खुर्चीत बसले होते.

“त्या भोकात पाह्य,” ते म्हणाले. “काल अक्षता टाकल्या मी. माहं नाटक हाये म्हून जरा जास्तच टाकल्या.”

दसऱ्याला आमच्याकडे विळ्यापासून मोटारसायकलीपर्यंत सगळ्याची पूजा होते. कॉम्प्युटरही मीच वायरी काढून, पुसून पाटावर आडवा ठेवला होता, पाठ वर करून. मोबाईलची बॅटरी लावून आत पाहिलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा एचडीएमआयच्या खाचेत बसला होता, माझ्याच दाबण्याने चेपलेला. कॉम्प्युटर बंद करून तो सुईने काढला, केबल लावली, आणि पडद्यावर काका मिशीला पीळ देत उभे राहिले. ऐकून घेतलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

“बंद कर,” वडील म्हणाले. “तो आल्यावर पाहू.”

मी हात जोडून बोलावलं, पण काकांना पुन्हा येणं जमलं ते होळीला. तोवर नजर पार गेली होती. यावेळी चित्र पहिल्या झटक्यात आलं. वडील त्यांच्या शेजारी बसून पडद्यावरचं सांगत राहिले.

“आता तू आला. काळा कोट हाये आंगात.”

“मिशी कशी दिसून राह्यली?” काकांनी विचारलं.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. काकांचा हात धरून ते म्हणाले, “मस्त दिसून राह्यली.”